रविवारचे काम : चेन्नईतील एका मराठी घराच्या निमित्ताने

१. विषयाची मांडणी

प्रस्तुत निबंधाचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. आठवड्याच्या अखेरीस घरात जी आवराआवर होते, जो विशेष स्वयंपाक होतो आणि उरलेल्या वेळात जे विणकाम हाती घेतले जाते, त्याचा इतिहास लिहिता येईल काय, आणि येत असेल तर त्याची साधने कोणती, एवढाच प्रश्न येथे उपस्थित केला आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे का वळावे, याचे उत्तर निबंधाच्या ओघात मिळेल अशी अपेक्षा आहे.

या प्रश्नाला निमित्त झाले ते चेन्नईतील एका मुक्कामाचे. १३ आणि १४ जानेवारी २०२४ हे शनिवार-रविवार प्रस्तुत लेखिकेने वेस्ट मांबलम भागातील एका तंजावरी मराठी कुटुंबात घालविले. रविवार हा भोगीचा दिवस होता. यजमानीणबाईंनी सत्तरी ओलांडलेली असून माहेर-सासर दोन्हीकडून त्या तंजावरच्या मराठी परंपरेतल्या आहेत. घरात मराठी बोलली जाते, परंतु देवनागरी कोणाला सराईतपणे वाचता येत नाही. शनिवारी सकाळी माळ्यावरचे सामान खाली काढले गेले आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी टाकून द्यावयाच्या वस्तूंचा ढीग तयार झाला. त्या ढिगात एक जुनी, शिवण उसवलेली वही होती. यजमानीणबाईंच्या सासूबाईंनी कुंभकोणमला असताना लिहिलेली ही पाककृतींची वही. भाषा मराठी, लिपी तमिळ. सून म्हणाली, ही आता कोण वाचणार? प्रश्न रास्त होता. पुढील विवेचन हे एका अर्थाने त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

२. सुट्टीचा लिखित इतिहास

साप्ताहिक सुट्टीचा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी नोंदला गेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हे कारणही या मागणीमागे होते. साहेबाच्या सब्बाथाला बहुजनांच्या कुलदैवताचा आधार मिळाला, ही सांस्कृतिक भाषांतराची एक मोठी सूचक घटना होय. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे रूप दिले. मद्रासमध्ये १९१८ साली बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन स्थापन झाली, तेव्हा बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांच्या तक्रारींत दुपारच्या जेवणासाठी मिळणारा अपुरा वेळ ही एक ठळक तक्रार होती. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ साली आला, तर महाराष्ट्र शासनाने तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला. शनिवार-रविवार ही जोडी मध्यमवर्गीय आयुष्यात अशी टप्प्याटप्प्याने स्थिरावली.

हा सारा इतिहास मजुरीचा आहे. कामगाराच्या जेवणाचा वेळ त्यात मोजला जातो. तो डबा पहाटे कोणी भरला, याची नोंद त्यात होत नाही. किंबहुना बाहेरच्या कामाला सुट्टी मिळाल्याने घरातील काम वाढले, ही गोष्ट ज्या घरात रविवारी सर्व माणसे जेवायला असतात त्या घरातील कोणतीही स्त्री सांगू शकेल. आपल्या देशात वेळेच्या विनियोगाची पहिली मोठी पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली व तमिळनाडू हे त्यांपैकी एक होते. २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीत घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर खर्ची पडणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे असा आढळला. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. दोघांच्याही वेळात थोडी घट झाली, पण दोघांमधील अंतर जवळजवळ तसेच राहिले.

मराठी स्त्रियांच्या परंपरेला रविवार मात्र गिरण्यांच्या आधीपासून ठाऊक होता. श्रावणातल्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत तो व्रताचा वार आहे. वारांच्या कहाण्यांमधील आठवडा विश्रांतीच्या हिशेबाने बांधलेला नसून सोवळे, नैवेद्य, उपवास व सारवण यांच्या क्रमाने बांधलेला आहे. तमिळ घरांतही मंगळवार आणि शुक्रवार हे स्त्रियांच्या अभ्यंगाचे, तर बुधवार आणि शनिवार हे पुरुषांच्या अभ्यंगाचे वार मानले जात. म्हणजे सुट्टीचा आठवडा घरात आला तेव्हा तेथे एक जुना आठवडा नांदत होता. आजचा घरगुती रविवार हा या दोहोंच्या सरमिसळीतून घडला आहे, असे म्हणता येईल.

३. स्वयंपाक : दरबार, ग्रंथ आणि वही

घरातील तीन कामांपैकी लेखनात सर्वांत आधी आला तो स्वयंपाक. तंजावरचे मराठी राज्य १६७६ ते १८५५ असे सुमारे पावणेदोनशे वर्षे टिकले. त्या दरबाराचे साहित्य, संगीत व नृत्य यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या मुदपाकखान्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८-१८३२) यांच्या काळातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात शाकाहारी पदार्थांबरोबर सामिष आणि युरोपीय पद्धतीचे पदार्थही आहेत. सरफोजींचे काही शिक्षण मद्रासमध्ये युरोपीय पाद्र्यांच्या देखरेखीखाली झाले होते व त्यांच्या ग्रंथसंग्रहात युरोपीय ग्रंथांची रेलचेल होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ताटातील बहुभाषिकत्वाचे नवल वाटत नाही.

तथापि या ग्रंथाविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तो राजाच्या नावाने ओळखला जातो. ज्या हातांनी हे पदार्थ रोज केले, त्या हातांचा त्यात मागमूस नाही. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, ही चेन्नईत हमखास ऐकू येणारी कथाही याच वृत्तीची द्योतक आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार दाखविला गेलेला नाही, तरीही ती लोकप्रिय आहे, कारण पदार्थाला कर्ता हवा असतो आणि तो राजा असला तर अधिक बरे वाटते. याउलट तमिळ घरांतल्या रसवांगी, पिटलै आणि डांगर पच्चडी या पदार्थांची नावे पाहावीत. रस, वांगी, पिठले, डांगर हे शब्द मराठी वाचकाला परके वाटणार नाहीत. त्यांना कोणी राजा जोडून दिलेला नाही. ते शेजारणीकडून शेजारणीकडे गेले असावेत असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्त्रियांनी स्वतःच्या नावाने पाकग्रंथ छापण्याचा काळ नंतरचा. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली आले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तकही त्याच वर्षीचे. एकाच वर्षी एक स्त्री घर कसे चालवावे ते सांगते आणि दुसरी घर कसे चालले ते सांगते, या योगायोगाकडे वाङ्मयेतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. मद्रासमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप् पार’ १९५१ साली प्रसिद्ध झाले. नातलगांना पत्रांतून कृती कळविण्याच्या प्रघातातून हे पुस्तक वाढले आणि लेखिकेने ते स्वतःच छापले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० चे. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे वापरल्यामुळे ते नवशिक्या मुलींना आपलेसे वाटले. मीनाक्षी अम्माळ आणि ओगले या दोघींच्याही लोकप्रियतेमागे एकच सामाजिक बदल आहे : सासू किंवा आई शेजारी नसलेले, बदलीच्या गावचे छोटे घर.

कुंभकोणमची वही या छापील परंपरेच्या बाहेरची आहे. तिच्यात मापे क्वचितच येतात. ‘पुरेसे’, ‘बेताने’, ‘वास सुटेपर्यंत’ अशा शब्दांवर तिचा व्यवहार चालतो. शिवाय लिपीचा एक वेगळाच पेच आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारांसाठी एकच अक्षर असते. त, थ, द, ध यांचेही तसेच. त्यामुळे या वहीत ‘गूळ’ आणि ‘कूळ’ एकसारखेच लिहिले जातात. ‘भाजी’ ही ‘पाजी’ म्हणूनही वाचता येते. ज्याला मराठी येत नाही त्याला ही अक्षरे वाचता येतील, पण पदार्थ कळणार नाही. ज्याला केवळ देवनागरी येते त्याला पदार्थ ठाऊक असेल, पण अक्षरे लागणार नाहीत. वही वाचण्यासाठी दोन्ही भाषांत वाढलेला कान लागतो. ग्रंथालयाच्या नोंदवहीत तिला मराठीत घालावे की तमिळमध्ये, हा प्रश्न मी चेन्नईतल्या एका जाणत्या ग्रंथपालांना विचारला, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, बहुधा कोठेच नाही.

४. आवराआवर : एका दिवसाचे दोन अर्थ

भोगी हा शब्द आणि हा दिवस मराठी व तमिळ दोन्ही घरांत आहे. महाराष्ट्रात भोगी हा खाण्याचा दिवस आहे. पावटा, हरभरा, वाटाणा, गाजर, वांगी अशी हंगामातली भाजी तिळाचे कूट घालून एकत्र करायची आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खायची. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण सर्वश्रुत आहे. घराची मोठी झाडलोट मराठी माणूस नवरात्रापूर्वी किंवा दिवाळीपूर्वी करतो. तमिळनाडूत भोगी हा मार्गळी महिन्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी घर स्वच्छ करतात, जुन्या चटया, टोपल्या, केरसुण्या दारात जाळतात आणि दुसऱ्या दिवशी पोंगल साजरा करतात. चेन्नईत या धुराचा त्रास इतका वाढला की १३ जानेवारी २०१८ च्या भोगीला विमानांची वाहतूक विस्कळीत झाली होती.

साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. भोगीच्या दिवशी तमिळनाडूत सर्वत्र उच्चारले जाणारे वचन, जुन्याचे जाणे आणि नव्याचे येणे या आशयाचे, हे मुळात घरासाठी लिहिलेलेच नाही. ते तेराव्या शतकातील पवणंदी या जैन मुनींच्या ‘नन्नूल’ या व्याकरणग्रंथातील सूत्र आहे. काळाच्या ओघात जुने प्रयोग लोपतात व नवे रूढ होतात, यात दोष मानू नये, असा त्याचा भाषाविषयक अभिप्राय आहे. व्याकरणाचे सूत्र लोकांनी केरसुणीला लावले. भाषेच्या घडामोडीचे वर्णन घराच्या झाडलोटीला इतके चपखल बसावे, यातच भाषा आणि घर यांचे नाते सूचित होते.

तंजावरी मराठी घरात हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसले. शनिवारी माळा रिकामा झाला. रविवारी पहाटे दारात थोडेसे कागद-कापड जाळले, आणि दुपारी तिळाचे कूट घातलेली मिश्र भाजी झाली. बाजरीच्या जागी तांदूळ होता. मूळ प्रदेशातले धान्य गेले, तीळ राहिला. काय टाकावे आणि काय ठेवावे याचा निर्णय या समाजाने तीनशेहून अधिक वर्षे अशाच रीतीने, सभा न भरविता आणि ठराव न करता, घेतला आहे. याच समाजातील टी. माधवराव मद्रासमध्ये शिकले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले, आर. रघुनाथराव इंदूरचे दिवाण आणि मद्रासमधील समाजसुधारक म्हणून गाजले. १९१२ पासून मराठी विद्यार्थ्यांना साहाय्य करणारा महरट्टा एज्युकेशन फंडही याच नगरातला. या साऱ्यांची नोंद इतिहासात आहे आणि ती असलीच पाहिजे. परंतु त्यांच्या घरात मराठी टिकली ती दिवाणगिरीमुळे खचित नव्हे.

५. विणकाम : थंडी नसलेल्या गावातील लोकर

विणकामाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. चेन्नईत लोकरीचे कपडे घालण्याजोगी थंडी जवळजवळ पडतच नाही. मार्गळीच्या पहाटे वृद्ध मंडळी कानाला मफलर गुंडाळतात, एवढाच काय तो अपवाद. मग या नगरातल्या मध्यमवर्गीय स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या सुया-लोकर घेऊन का बसल्या? उत्तर हवामानात नसून शाळेत आहे. दोन सुयांचे विणकाम आणि क्रोशा ही कामे आपल्याकडे मुख्यतः मिशनरी शाळा व युरोपीय शिक्षिका यांच्यामार्फत आली आणि मुलींच्या शिक्षणाचा भाग बनली. मुलींनी काय शिकावे हा वाद पुण्यात १८८४ साली सुरू झालेल्या हुजूरपागा शाळेच्या निमित्ताने पेटला. ‘मराठा’ पत्राने तिच्या अभ्यासक्रमावर टीका करताना गृहोपयोगी शिक्षणाचा कैवार घेतला होता. सुई घरात ज्या सहजतेने शिरली त्या सहजतेने पुस्तक शिरले नाही. वाचायला शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांकडून काय सोसावे लागले, हे रमाबाई रानडे यांनी लिहून ठेवले आहे. त्याच रमाबाईंनी १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणकामाला स्थान दिले, यात विसंगती नाही. सुईच्या आडून वर्ग भरविता येतो, हे त्या ओळखून होत्या.

या संदर्भात एका शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक १८८२ साली आले. त्यात गृहकृत्ये, नीटनेटकेपणा व पतीविषयीची कर्तव्ये यांचा उपदेश आहे. १९१७ मध्ये मद्रासच्या अड्यार येथे विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि तिने १९१८ पासून ‘स्त्रीधर्म’ याच नावाचे नियतकालिक चालविले. त्यात मताधिकार व कायदेसुधारणा यांची चर्चा प्रामुख्याने असे. छत्तीस वर्षांच्या अंतराने तोच सामासिक शब्द घराच्या उंबरठ्याबाहेर पडला. मात्र त्याला बाहेर नेणाऱ्या स्त्रियांच्या शाखांतही शिवण-टिपणाचे वर्ग भरतच होते.

विणकामाची परिभाषाही तुलनेस योग्य आहे. मराठीत मागावरचे आणि सुयांवरचे काम दोन्ही ‘विणकाम’च, पलंगाची नवारही आपण विणतोच. तमिळमध्ये सुयांच्या कामाला ‘पिन्नल’ म्हणतात आणि हाच शब्द केसांच्या वेणीलाही आहे. मराठीने या परक्या कलेला विणकराच्या शेजारी बसविले, तमिळने आईच्या पुढ्यात बसलेल्या मुलीशेजारी. यजमानीणबाई विणताना टाके मराठीत मोजत होत्या, ‘सुलट’ आणि ‘उलट’ हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. त्यांनी शाळेत ऐकलेले इंग्रजी शब्द ठेवले होते. आकडे घरातले आणि टाक्यांची नावे शाळेतली. एका मफलरीत दोन्ही विद्यापीठे होती. तो मफलर परदेशी असलेल्या नातवासाठी होता. रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणे ही जशी उपयोगापेक्षा नात्याची खूण असत, तसेच चेन्नईतल्या लोकरीचेही आहे. ती येथे वापरण्यासाठी विणलीच जात नाही. ती थंड प्रदेशात गेलेल्या माणसांकडे पाठविली जाते.

६. श्रमाचे वाचन

घरातील श्रम संहितेत आले की त्यांना कर्ता, माप आणि मूल्य मिळते; संहितेबाहेर राहिले की ते प्रेम, सवय किंवा कर्तव्य या नावांखाली विरून जातात. न्यायालयीन लेखन हे या दृष्टीने सर्वांत अलीकडचे उदाहरण होय. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात, पती परदेशी नोकरीला असताना घर व मुले सांभाळणाऱ्या पत्नीचा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत समान वाटा मान्य केला. पतीची नोकरी आठ तासांची, तर गृहिणीचे काम चोवीस तासांचे, अशा आशयाचे विवेचन त्या निकालात आहे. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला तमिळनाडू सरकारने कुटुंबप्रमुख स्त्रियांसाठी दरमहा १,००० रुपयांची योजना सुरू केली आणि तिच्या नावात ‘उरिमै’, म्हणजे हक्क, हा शब्द योजला. २०२४ मध्ये महाराष्ट्रात दरमहा १,५०० रुपयांची योजना आली, तिच्या नावात ‘लाडकी बहीण’ आहे. योजनांचे गुणदोष हा येथील विषय नव्हे. पण एका भाषेने देण्यासाठी हक्काचा शब्द निवडला आणि दुसरीने नात्याचा, ही नोंद तौलनिक अभ्यासकाने करावयाची नाही तर कोणी?

या साऱ्या विवेचनातून एक पद्धतिविषयक सूचना करावीशी वाटते. महाराष्ट्राबाहेरील मराठीचा अभ्यास आजवर राजवटी, शिलालेख, हस्तलिखिते आणि संस्था यांच्या आधारे झाला आहे. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आणि चेन्नईचे शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय यांतील मराठी साधने त्याला पुरेशी आहेत असे समजून आपण घरांकडे वळलोच नाही. परक्या लिपीत लिहिलेल्या वह्या, टाके मोजण्याचे आकडे, सणाच्या भाजीतून वगळलेली धान्ये, ही साधने दर भोगीला दारात जळत आहेत. वहीतील ‘गूळ’ हा ‘कूळ’ नव्हे हे सांगू शकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

त्या रविवारी संध्याकाळी ती वही कोण्या ग्रंथालयाला द्यावी, असे मी सुचविले. यजमानीणबाईंनी नकार दिला. पोंगलनंतर डांगर करावयाचे आहे आणि त्यात हिंग आधी की नंतर हे त्यांना नेहमी पाहावे लागते, असे कारण त्यांनी सांगितले. ढिगातून वही उचलून त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, तिखटमिठाच्या डब्याशेजारी ठेवली. सुनेने मात्र पानांची छायाचित्रे घेऊ दिली. ती एकूण ६४ आहेत. त्यांचे देवनागरी लिप्यंतर करताना प्रत्येक संशयास्पद शब्दासाठी चेन्नईला दूरध्वनी करावा लागतो. यजमानीणबाई तो रविवारी सकाळी करू नका, असे सांगतात. रविवारी त्यांना काम असते.